आमच्या घराला दानाचं वळण

रविवार, ७ जानेवारी

आजपासून रोजनिशी लिहायची. कोणाला दाखवायला नाही. माणसानं निदान स्वतःशी खरं बोलावं, एवढाच हेतू.

काल सिनेगॉगमध्ये, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना झाल्यावर आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवतात ते, दानावर बोलले. म्हणाले, एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळं होऊ नका. थोडं द्या, पण पुन्हा पुन्हा द्या, म्हणजे हाताला वळण लागतं. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावण्याआधी घरातल्या प्रत्येकानं दानाच्या डब्यात काहीतरी टाकावं आणि मुलांनी ते बघावं. मला अगदी पटलं. विशेषतः थोडं द्या, हा भाग.

पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर बसले होते. जणू भाषण त्यांनीच लिहून दिलंय, अशी मान हलवत होते. दारातल्या संगमरवरावर त्यांच्या आजोबांचं नाव आहे. माझ्या आजोबांनीही पंखा दिला होता. तो अजून फिरतो. पण पंख्यावर घातलेलं नाव फिरताना वाचता येत नाही, हे आजोबांच्या लक्षात आलं नसावं.

संकल्प: वर्ष संपायच्या आत आमचं घर दानासाठी ओळखलं जाईल. लोकांनी ओळखावं अशी अपेक्षा नाही. पण ओळखतील.

बुधवार, १० जानेवारी

डब्याचा प्रश्न सुटला. डॉक्टरांकडे चांदीचा आहे, असं बायको म्हणाली. चांदीला पोचे पडतात. मी दुकानातली चष्म्याची एक कडक केस घेतली आणि वर फट पाडली. झकास दिसते. वर आमच्या ऑप्टिकल्सचं नाव आणि फोन नंबर सोनेरी अक्षरांत आहेच. बायकोनं विचारलं, दानाच्या डब्याला फोन नंबर कशाला. म्हटलं, असावा. कोणी चौकशी केली तर.

फट लहान झाली आहे. नोट जात नाही, नाणंच जातं. मुद्दाम केलेलं नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी. संध्याकाळ

शब्बाथ लागलाय, लिहू नये हे माहीत आहे. पण हे लिखाण नव्हे, नोंद आहे.

पहिला शुक्रवार उत्तम पार पडला. बायकोनं टाकलं, मुलीनं टाकलं. माझी पाळी आली तर खिशात काहीच नाही. मुलीकडून घेऊन टाकलं. तिला समजावलं, की वडिलांना दानासाठी उसनं दिल्यानं तुला दुप्पट पुण्य. तिनं विचारलं, बाबा, परत कधी देणार. कॉलेजात जायला लागल्यापासून ती असले प्रश्न विचारते. म्हटलं, हा प्रश्न विचारलास तिथेच निम्मं पुण्य गेलं. बायको बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिली. भक्तिभाव असावा.

मंगळवार, १६ जानेवारी

कमाईचा दहावा भाग द्यावा, असं आपल्यात सांगितलंय. आज शांत बसून हिशेब केला. दुकानाचं भाडं, काचा, विजेचं बिल, गाडी, गाडीचं पेट्रोल, माझी पाठदुखी, सगळं वजा जाता कमाई उरतच नाही. शून्याचा दहावा भाग शून्य. म्हणजे मी इतकी वर्षं नियमानं देत आलो आहे, फक्त लक्षात आलं नव्हतं.

बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, मग गाडी कोणाच्या कमाईतून आली. तिला अकाउंट्स कळत नाहीत.

रविवार, २१ जानेवारी

आज सुचलं. अगदी दाढी करताना.

पैसे द्यायला काय, कोणीही देतं. माणसानं आपल्या धंद्यातलं द्यावं. दुकानात खालच्या खणात गिऱ्हाइकं न्यायला विसरलेले चष्मे पडून आहेत, गेल्या कित्येक वर्षांचे. आणि आपल्या समाजाच्या वृद्धाश्रमात म्हातारी माणसं अंधुक बघत बसली आहेत. दोन्ही एकत्र आणायचं. आणि एकदाच नाही, दर महिन्याला. हझानना हवं ते वळण.

बायकोला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. विचारायला लागली, प्रत्येकाचे डोळे तपासून नंबर काढणार का. म्हटलं, नंबर काढत बसलो तर दान कधी करू. त्या वयात सगळ्यांचा नंबर इकडे तिकडे सारखाच असतो. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे मी. ती म्हणाली, मावशी आहे तिथे, हे लक्षात ठेवा.

लक्षात आहे. बायकोची आई लवकर गेली आणि या मावशीनं तिला शिवणकाम करून वाढवलं. मशीनवर बसून बसून मावशीची पाठ वाकली. आता तीन वर्षं ती वृद्धाश्रमात आहे. आमच्याकडे जागा नाही म्हणून. माझी अभ्यासिका आहे, पण तिला लागून बाथरूम आहे आणि मला विचार करायला तसं लागतं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

बॅनर आला. पेंटरला सांगितलं होतं, भव्य चष्मादान. चष्मादान असा शब्दच नाही म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या अकलेनं भव्य नेत्रदान असं लिहून टाकलं. बदलायला वेळ नाही. अर्थ पोचल्याशी कारण.

खाली लिहून घेतलंय, एका हितचिंतकाकडून. नाव न सांगता दिलेलं दान श्रेष्ठ. केसवर दुकानाचं नाव आहे त्याला इलाज नाही, छापूनच येतात.

रविवार, ४ फेब्रुवारी

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

बॅनर बघून दोन बायका बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसल्या. त्यांना वाटलं, डोळे काढून न्यायला आलेत. वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी समजूत काढून बाहेर आणलं. बाईंचा चेहरा मूळचाच आंबट आहे.

वाटप झकास झालं. निवृत्त मास्तरांना जाड काचांचा दिला. म्हणाले, मला तुम्ही दोन दिसता. म्हटलं, एकाच दानात दोन दाते, अजून काय पाहिजे. एका आजोबांना निळ्या फ्रेमचा आला, त्यावर ससे होते. लहान मुलाचा असावा. कानांना पुरत नव्हता, पण रंग प्रसन्न होता. मुलीला फोटो काढायला नेलं होतं. तिनं तीन काढले आणि फोन खिशात घातला. म्हणाली, बाबा, ते भिंतीला धरून चालतायत. म्हटलं, म्हणजे आधार शोधतायत, छान फोटो येईल. तिनं नाही काढला.

मावशीला मी खास सोनेरी काड्यांचा ठेवला होता. ती घालून उठली, एक पाऊल टाकलं आणि परत बसली. म्हणाली, जावईबापू, जमीन जरा वर आल्यासारखी वाटते. म्हटलं, बरंच की, वाकावं लागणार नाही. हसली. म्हणाली, राहू दे, एवढ्या हौसेनं आणलात. समजूतदार बाई.

आता युक्तीची गोष्ट. दर महिन्याला चष्मे आणायचे तर माल कुठून येणार. म्हणून सगळ्यांचे जुने चष्मे मी गोळा करून घेतले. हे पुढच्या महिन्यात दुसऱ्या आश्रमात, तिथले जुने त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरीकडे. कधी थांबायचंच नाही. शिवाय जुना हाताशी असला की माणूस नव्याला सरावत नाही. मावशी तिचा देताना जरा घुटमळली. याच्यानं सुई ओवता येते, म्हणाली. म्हटलं, आता आराम करायचा, सुई कशाला.

दातांचे डॉक्टर मागच्या खोलीत होते. दर रविवारी येतात म्हणे. हातमोजे घालून म्हाताऱ्यांच्या कवळ्या घासत होते. बॅनर नाही, फोटो नाही. एवढा शिकलेला माणूस, पण कामाचं सादरीकरण शून्य.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

मेट्रनबाईंचा फोन. मास्तर दाराच्या चौकटीवर आपटले. एका आजींनी चहा कपाच्या शेजारी ओतला. बाकीच्यांची डोकी दुखतायत. जुने चष्मे परत करा म्हणाल्या. म्हटलं, दिलेलं दान परत घेणं आपल्यात बसत नाही. त्या म्हणाल्या, परत घ्या असं नाही म्हणत, परत द्या म्हणतेय. या बाईंशी बोलताना नेहमी असा घोळ होतो.

डोळ्यांना नवीन नंबर अंगवळणी पडायला महिना लागतो. एवढा धीर नको का माणसाला.

मुलगी हल्ली संध्याकाळी उशिरा येते. लायब्ररीत असते. वाचनाची आवड माझ्याकडून आली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एक गिऱ्हाईक आलं. तरुण, दाढीवाला, पायात महागाचे बूट. त्याला जुन्या पद्धतीची फ्रेम हवी होती. सहज म्हणून मावशीची दाखवली. जाड तपकिरी, पूर्वी हातानं घासून करायचे तशी. माझ्या वडिलांनीच बसून केली होती, आमच्या लग्नाच्या वेळी, मावशीला भेट म्हणून. त्या पोराला इतकी आवडली की आरशासमोरून हलेना. माणसाचं मन मोडणं मला जमत नाही. दिली. जुन्या काचा काढून टाकल्या.

आलेल्या पैशातून एक नाणं ताबडतोब डब्यात टाकलं. म्हणजे तेही दानच झालं.

बायकोनं रात्रीच्या जेवणाला विचारलं, मावशीचा चष्मा आणलात का. म्हटलं, योग्य माणसाच्या नाकावर आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी. शब्बाथ संपल्यावर

मावशी जिन्यावरून पडली. सकाळी प्रार्थनेला खाली उतरत होती. खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन.

त्या जिन्याच्या पायऱ्या अरुंद आहेत, हे मी पूर्वीच म्हणालो होतो. निदान मनात.

बायकोनं पर्स उचलली आणि ती हॉस्पिटलात गेली. मुलगी मागोमाग. टेबलावर तिघांची ताटं वाढलेली तशीच होती. मी माझं जेवलो. कोणीतरी खंबीर राहायला हवं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आजाऱ्याला भेटायला जाणं हेही मोठं पुण्य मानलंय आपल्यात आणि त्याला खर्च नाही. म्हणून गेलो.

मावशी पांढरी पडली आहे. ओठ सुकलेले. मी तिला धीर दिला. शेजारी सफरचंदं होती, तिला चावणं जमत नव्हतं, म्हणून खाल्ली. तिनं मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, जावईबापू, मी सगळ्यांना सांगितलंय की पायातली सपात निसटली. तुम्ही दुसरं काही बोलू नका. पोरीला वाईट वाटेल, तुमच्या दोघांत उगाच माझ्यापायी नको.

हे ऐकून मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू. कारण सपात होती तर. मला पहिल्यापासून तीच शंका होती. येताना सिनेगॉगवरून आलो आणि हझानना मुद्दाम सांगितलं, स्वतः मावशी म्हणते सपात निसटली. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, असं म्हणाली का ती. म्हटलं, शब्दशः. पाठ केल्यासारखं.

शुक्रवार, १ मार्च

मावशी परत वृद्धाश्रमात. उठवायला, बसवायला, अंघोळ घालायला माणूस लागतो आणि आश्रमाकडे तेवढी माणसं नाहीत. बायकोनं माझ्याकडे विषय काढला. म्हटलं, या महिन्यात चष्म्यांच्या दुसऱ्या वाटपाचा खर्च आहे, दोन दानं एका वेळी केली तर वळण बिघडतं.

डब्यात आज फक्त बायकोनं आणि मुलीनं टाकलं. माझं मी मनातल्या मनात टाकलं.

बुधवार, ६ मार्च

आश्चर्य. कोणीतरी नाव न सांगता मावशीसाठी दिवसभराची बाई ठेवली आहे. मेट्रनबाई नाव सांगायला तयार नाहीत, तशी अट आहे म्हणे.

बायको संध्याकाळी घरी आली ती माझ्याकडे बघतच. विचारलं, तुम्हीच ना. आता मी हो म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर तिची निराशा. म्हणून एवढंच म्हणालो, अशा गोष्टी बोलू नयेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक दिवसांनी तिनं मला चहा करून दिला. कप ठेवताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मी तुम्हाला ओळखलंच नाही.

मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत जाऊन दार लावून घेतलं. वडिलांविषयी अभिमान वाटला की या वयात असंच होतं.

गुरुवार, ७ मार्च

विचार करता असं वाटतं, की ती बाई मीच ठेवली असती. त्या अज्ञात माणसानं घाई केली, इतकंच.

हझान दुकानात आले होते. बायकोनं त्यांना सांगितलेलं दिसतं. शनिवारी प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलाल का म्हणाले, निनावी दानाविषयी. आधी नाही म्हणालो. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही तर काय घ्या, म्हणून हो म्हणालो.

भाषणाची तयारी सुरू.

रविवार, १० मार्च

कालचा दिवस लिहावासा वाटत नाही. पण स्वतःशी खरं बोलायचं ठरलंय.

भाषण उत्तम झालं. म्हणालो, खरा देणारा आरशातसुद्धा स्वतःकडे बघत नाही. वर बायकांच्या सज्जात एकीनं डोळे पुसले. शेवटच्या रांगेत मावशी चाकाच्या खुर्चीत होती, तिची ती बाई तिला घेऊन आली होती. बायको सज्जातून बघत होती. लग्नानंतर माझ्याकडे तिनं इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं.

मग सगळे अंगणात आलो. लोक हात मिळवत होते. इतक्यात मावशीची बाई माझ्या मुलीकडे गेली आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात म्हणाली, ताई, तुमच्यामुळं माझ्या घरची चूल पेटली, रोज संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात राबता आणि सगळा पगार मला देता, एवढ्या लहान वयात कोण करतं. बाईचा स्वभाव चांगला आहे. नाव सांगायचं नाही, ही अट तिला कोणी सांगितली नसावी.

म्हणजे लायब्ररी नव्हती. दातांच्या डॉक्टरांकडे मुलगी रिसेप्शनला बसत होती. मावशी पडली त्याच्याही आधीपासून. परदेशी शिकायला जायचं म्हणून पैसे साठवणार होती. ते तिनं सोडून दिलं.

डॉक्टर स्वतःच्या बुटाकडे बघायला लागले. मी परिस्थिती सावरली. म्हणालो, मुलगी कोणाची. वळण कोणी लावलं. तिचं दान ते माझंच दान. मुलगी माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, हो बाबा, तुमच्याकडूनच शिकले मी. तुम्ही करता ते बघायचं आणि तसं करायचं नाही.

वाक्य अर्धंच चांगलं होतं, पण सुरुवात चांगल्या अर्ध्यानं झाली.

मघाशी सज्जाच्या जिन्यापाशी उभी असलेली बायको, बघितलं तर तिथं नव्हती.

सोमवार, ११ मार्च

बायकोनं सांगितलं, मावशीला आता आश्रमातला रोजचा जिना झेपणार नाही, ती आपल्याकडे येणार. अभ्यासिकेत राहील, लागून बाथरूम आहे. मी म्हणणार होतो की मला विचारायला हवं होतं. पण पलंग आधीच आला होता.

मग माझ्या लक्षात आलं, की ही तर संधी आहे. माणसानं स्वतःची खोली देणं याहून मोठं दान कुठलं. बायकोला म्हणालो, मी माझी खोली मावशीला अर्पण करतो. आणि घरात गर्दी नको म्हणून काही दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत राहायलाही तयार आहे. वाटलं, नको नको म्हणेल. तिनं बॅग आणून ठेवली. भरलेली होती. माझ्या आवडीचे मोजेसुद्धा टाकले होते. म्हणजे काळजी आहे.

मावशीला मी निघताना भेटलो नाही. ती झोपली होती. किंवा डोळे मिटून होती.

रविवार, १७ मार्च

दुकानाच्या मागची खोली तशी सोयीची आहे. काचा घासायचं मशीन आणि नंबर काढायची खुर्ची यांच्यामध्ये गादी मावते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. पडल्या पडल्या वाचतो. खालच्या दोन ओळी मला दिसत नाहीत, हे प्रथमच कळलं. मंद प्रकाशामुळे असेल.

वृद्धाश्रमात सगळ्यांचे डोळे तपासून नवे चष्मे करून दिले, असं ऐकलं. रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्यानं केले. पैसे कोणी दिले तर म्हणे नाव न सांगता कोणीतरी. हा नाव न सांगणारा माणूस फारच बोकाळला आहे.

मेट्रनबाईंनी माझा बॅनर घडी घालून परत पाठवला. धुतलेला होता.

गिऱ्हाईक नाही. मास्तरांचा मुलगा आला होता, पण तो घ्यायला नव्हता आला. जे काही म्हणाला ते इथे लिहीत नाही, कारण ही रोजनिशी स्वच्छ ठेवायची आहे.

सोमवार, २५ मार्च

बायकोला फोन केला. म्हटलं, मी परत यायला तयार आहे. ती म्हणाली, मावशीला औषध द्यायची वेळ झाली. संध्याकाळी पुन्हा केला. मुलीनं उचलला. विचारलं, माझ्याविषयी काही बोलणं होतं का घरात. म्हणाली, नाही बाबा, आम्ही ते टाळतो.

टाळतात, म्हणजे विषय नाजूक आहे. म्हणजे मनात आहे.

जेवणाचा जरा प्रश्न आहे. कोपऱ्यावरचं खानावळवजा दुकान बंद झालं. बिस्किटांवर भागतं. साधेपणा अंगी बाणतो आहे.

शुक्रवार, २९ मार्च. दुपारी

आज घरी जाऊन त्यांना माफ करायचं ठरवलं आहे.

दुकान लवकर बंद करतो. दाढी केली. शर्टाची कॉलर आतून पुसली. फुलं न्यावीत असं मनात आलं होतं, पण फुलं नेली की आपलंच काहीतरी चुकलंय असं दिसतं. मोकळ्या हातानं आणि मोकळ्या मनानं जायचं. बोलणं तयार आहे. पहिलं वाक्य: झालं गेलं विसरा. दुसरं वाक्य: मी विसरलो आहे. त्यानंतर बायको रडेल, मुलगी पाणी आणेल आणि दिवे लावायच्या वेळी आम्ही सगळे एकत्र असू. हझानना कळेलच.

रात्रीपासून स्वतःच्या गादीवर.

शनिवार, ३० मार्च. अंधार पडल्यावर

गेलो होतो.

बेल वाजवली. मुलीनं दार उघडलं, साखळी न काढता. फटीतून आतलं टेबल दिसत होतं. पांढरी चादर घातलेली, दिवे मांडलेले, अजून लावायचे होते. तीन खुर्च्या होत्या. चौथी कुठे ठेवली आहे ते दिसलं नाही.

मी म्हणालो, झालं गेलं विसरा. पुढचं वाक्य येईना.

आतून, माझ्या खोलीतून, मावशीचा आवाज आला. कोण आलंय गं.

मुलीनं मागे वळून आईकडे बघितलं. बायको हातात काडेपेटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. घरावरची पाटी वाचावी तसं बघितलं. मग खोलीच्या दिशेनं म्हणाली, दाराशी कोणी माणूस आलाय, मावशी.

मी खोकलो. मावशी माझा खोकला वीस वर्षं ऐकते आहे. मग म्हणाली, शब्बाथ लागायची वेळ आहे, उपाशी असेल बिचारा. रिकाम्या हातानं नका पाठवू.

मुलगी आत गेली. परत आली ती कागदात गुंडाळलेला पाव घेऊन. फटीतून माझ्या हातात दिला. देताना तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मान खाली घालूनच दिला. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून असं करतात.

मी घेतला. तिनं दार लावून घेतलं.

जिन्यात खालून तिसऱ्या पायरीवर बसून खाल्ला. सगळा. कागदाला चिकटलेलंही. इतकी भूक लागली होती, हे मला माहीत नव्हतं.